घरी विचारा

बहजानी, बुधवार, १७ ऑक्टोबर २०१८

बरकात,

फोनवर तू मला अडवून ठेवलं आहेस, हे आमशेने सांगितलं. तिच्यावर डोळे वटारू नकोस. तुझी बायको आपण होऊन काही बोलत नाही, मीच खोदून खोदून विचारलं. ठीक आहे, फोन अडव. बरणीला अडवता येत नाही. शेजारच्या उम्म खैरीचा जावई जर्मनीला परत निघालाय, त्याच्याबरोबर ऑलिव्हच्या दोन बरण्या, वाटलेल्या तिळाच्या राशीची एक, आणि बरणीभोवती गुंडाळलेलं हे पत्र. फडकं समजून फेकू नकोस.

ऑलिव्ह आपले नाहीत. आपल्या जळलेल्या बुंध्यांना फुटवे आलेत, पण फळ धरायला अजून काही वर्षं जातील. हे कव्वाल खुदेदाच्या वाडीतले आहेत. ज्याच्या बापाचं आणि आपल्या बाबांचं उभ्या आयुष्यात पटलं नाही, तोच खुदेदा. खाताना आठवू नकोस म्हणजे झालं.

आज बुधवार, आपला पवित्र वार, धुणं नाही, म्हणून हात रिकामे आहेत. आमच्या अभ्यासक्रम समितीचं पुस्तक आलं. ‘यझिदी धर्मशिक्षण, इयत्ता चौथी.’ कागद बरा आहे. मुखपृष्ठावर लालिशच्या मंदिराचे कळस. आत चित्रकाराने लालिशच्या अंगणात मुलांच्या पायांत बूट दाखवले होते. मी म्हटलं, अरे बाबा, तिथे राजासुद्धा अनवाणी येतो. तो बिचारा झाखोचा मुसलमान पोरगा, कान पकडून त्याने सगळे पाय पुन्हा रंगवले. एक मूल त्यातूनही सुटलंच. पान चौतीस. शोधून बघ, असं म्हणणार होते, पण पुस्तक पाठवत नाहीये. तू त्याला हात लावणार नाहीस.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. ‘छातीतून छातीत जायची गोष्ट तू छापखान्यात देतेस.’ घर सोडताना दारात उभं राहून म्हणालास आणि उंबऱ्याला पाय न लावता निघून गेलास. तेवढ्या रागातही उंबरा पाळलास, याचं मला बरं वाटलं होतं. पण बरकात, छात्या उरल्यात किती? गाव सोडून पळाल्यावर छावणीतल्या त्या दोन हिवाळ्यांत आपल्या गावचे म्हातारे कव्वाल, धर्माचे पाठ छातीत जपणारे, एकामागून एक गेले. त्यांच्या अंत्यविधीला डफ तूच वाजवलास. उरलेल्यांपैकी एक तू, आणि तू ओल्डेनबुर्गला गोदामात खोकी उचलतोस. तुझा मुलगा फुटबॉल खेळतो. खेळू दे. पण मग इथल्या पोरांनी काय करायचं?

पुस्तकात दिव्याचा पाठ कुणाचा घेतला, कसा घेतला, ते पुढे कधीतरी सांगेन. आज शाई संपत आली आहे.

तुझी थोरली बहीण,
सबरिया

*

बहजानी, बुधवार, १९ डिसेंबर २०१८

बरकात,

उपवास सुटले, सण झाला. तुझ्या नावचा घास मी खाल्ला आणि मलाच ठसका लागला, म्हणजे तिकडे तू माझं नाव काढलं असणार. चांगल्या अर्थाने काढलं नसशील.

पत्र वाचून डफाच्या पिशवीत ठेवलंस, असं कळलं. आणि आमशेकडून निरोपही आला: ‘तिला सांग, पुस्तक जमिनीवर पडतं. पाठ पडत नाही.’ वाक्य चांगलं आहे. बाबांसारखं आहे. मी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं, म्हणजे तेही कागदावरच आलं.

तुला एक विचारायचं आहे. समितीसाठी नाही, पुस्तकासाठी नाही. बाबा तुला बैठकीच्या खोलीत शिकवायचे, तेव्हा मी दाराआड चहाच्या भांड्यापाशी असायचे हे तुला ठाऊक आहे. घरात अरबी बोलणारे आपण, पाठ कुर्दीत. निम्मे शब्द कळायचे नाहीत, तरी कानात बसायचे. दिव्याचा पाठ मला तुझ्या आधी आला. तू अडखळलास की मी आत ओठ हलवायचे. दिवा लागतो, पाणी भरलं जातं, दारात पाहुणा येतो, मग भाकर होते. आणि इथे, दर वेळी, बाबांची हाक यायची: ‘सबरिया, चहा.’ मी कप घेऊन आत यायचे तोवर पाठ संपलेला असायचा. तू डोळे पुशीत बसलेला असायचास.

मला तेव्हा वाटायचं, चहाची वेळच तशी आहे. आता साठी उलटल्यावर वाटतं, तो शेवट मुलीने ऐकायचा नसेल म्हणून हाक यायची. की बाबांना खरंच चहा हवा असायचा? तूच सांगू शकशील. तो शेवट आता फक्त तुझ्याजवळ आहे. खुदेदाच्या घरच्या पाठाला दुसरा शेवट आहे, दुसरा रस्ता आहे.

मला तो ऐकायचा आहे, बरकात. नुसता ऐकायचा आहे. एकदा फोन उघड, म्हण, आणि पुन्हा अडव.

सबरिया

*

बहजानी, बुधवार, ६ फेब्रुवारी २०१९

बरकात,

उत्तर नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तरी लिहिते, कारण एक गोष्ट घडली आहे, आणि ती तुला उम्म खैरीच्या जावयाकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

आधी मागच्या वेळी टाळलेलं सांगते. चौथीच्या पुस्तकात दिव्याचा पाठ खुदेदाच्या घरचा आहे. तू दिला नाहीस. मी म्हटलं, मला येतो तेवढा घ्या. समितीतले उस्ताद शमो शाळेतल्या बाईंना मारतात तशी हाक मारून म्हणाले, ‘सित सबरिया, तुमच्यावर विश्वास आहे, पण कव्वालाच्या तोंडचा हवा. आणि तुमचा तर अर्धाच आहे.’ मग खुदेदाला बोलावलं. तो आला, कोट घालून आला, डफ मांडीवर घेऊन अख्खा पाठ म्हणाला, मध्ये चहा न मागता. त्याच्या घरी भाकर आधी होते आणि पाहुणा मागून येतो. शमोने लिहून घेतलं. मी शुद्धलेखन तपासलं.

पूर्वी हे कुणाच्या ध्यानातच यायचं नाही. ज्या अंगणात जो कव्वाल यायचा, त्या अंगणाचा तोच पाठ. वरच्या आळीत खुदेदाचं घराणं, खालच्या आळीत आपलं. लग्नात दोघे एकत्र आले तर एक म्हणायचा आणि दुसरा बासरी वाजवायचा. एरवी पटत नसलं तरी पाठावरून कुणी कुणाला चूक म्हटलं नाही.

चूक म्हणायची पाळी परीक्षेत आली. पहिलंच वर्ष, म्हणून सहामाहीचा पेपर समितीने काढला. ‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न माझा. नमुना उत्तरं माझी. आपल्या गावच्या शाळेच्या उत्तरपत्रिकाही मीच तपासल्या. तिसरा प्रश्न: ‘भाकर झाल्यावर दारात ______ आला.’ उत्तर: पाहुणा. एका पोराने लिहिलं होतं: ‘कोणी नाही. पाहुणा आधीच आला होता.’

मी त्यावर लाल रेघ मारली. हात सवयीचा आहे, चाळीस वर्षं रेघा मारतोय. रेघ मारली आणि पुढचा पेपर घेतला.

दुसऱ्या दिवशी उम्म खैरी आली. तो तिचा नातू, सरमद. बसली नाही, उभीच. पेपर माझ्यापुढे धरला.

‘हे कुणी शिकवलं माझ्या नातवाला, ठाऊक आहे?’

मी म्हटलं, ‘कुणी?’

‘मी. आणि मला कुणी शिकवलं?’

मी पेपर हातात घेतला.

‘तुझ्या बापाने. आमच्या अंगणात, तुतीखाली बसून, भाकरीपर्यंतच, पण शिकवलं. आता तू शिकलेली बाई आहेस, तूच सांग. चूक कोण? माझा नातू की तुझा बाप?’

मी म्हटलं, ‘उम्म खैरी, बस, चहा घे.’

‘चहा नको. उत्तर दे. गाळलेली जागा आहे, भर.’

बरकात, बाबांच्या ओळीवर मी लाल रेघ मारली. मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं. तुला हसायचं असेल तर हस. हसायचा तुझा हक्क आहे.

सबरिया

*

बहजानी, बुधवार, १३ मार्च २०१९

बरकात,

तू हसला नाहीस, असं आमशे म्हणाली. पत्र दोनदा वाचलंस आणि कचरा टाकायला खाली गेलास तो तासाभराने आलास. जर्मनीत कचऱ्याचे इतके डबे आहेत का?

इकडचं ऐक. समितीची बैठक झाली. खात्यातले पर्यवेक्षक उस्ताद हिकमत आले होते. माणूस सज्जन आहे, अमादियाचा. पण त्याच्या आयुष्यात ज्याला उत्तर नाही असा प्रश्न आलेलाच नाही. मी सरमदचा पेपर टेबलावर ठेवला.

तो म्हणाला, ‘सोपं आहे. पुस्तकात असेल ते बरोबर.’

मी म्हटलं, ‘मग माझा बाप चूक.’

‘तसं नाही सित सबरिया, पण मूल्यमापन करायचं तर एक उत्तर लागतं. तुमच्या धर्मात उत्तरपत्रिका नसते का?’

‘आमच्या धर्मात प्रश्नपत्रिकाच नव्हती, उस्ताद. ती तुमच्याबरोबर आली.’

तो हसला. मग शमो म्हणाला, दोन्ही पाठ छापू. खुदेदा मान हलवून म्हणाला, दोन कसे? शेखानकडे तिसरा आहे. सिंजारला चौथा, तिथे पाहुणा दोनदा येतो. सगळे छापले तर चौथीचं पोरगं पुस्तक उचलणार कसं? आणि मग परीक्षेत काय विचारायचं, कोणाचा आवडला? बोलता बोलता त्याचा आवाज चढला. ‘की माझ्या बापाचा पाठ काढून टाकता? मी कोट घालून आलो होतो इथे.’

त्याचंही खोटं नव्हतं. तो आला होता. तू आला नव्हतास.

दुपारपर्यंत तीच चक्की. शेवटी कंटाळून मी तुझं वाक्य सांगितलं. माझा भाऊ म्हणतो, पुस्तक पडतं, पाठ पडत नाही. म्हटलं, मग पडू नये ते पुस्तकात घालूच नका. दिवा छापा, पाणी छापा, जे चारी घरांत सारखं आहे ते छापा. पाहुणा आणि भाकरीचं पान कोरं सोडा. खाली एक ओळ: ‘घरी विचारा.’ मूल घरी जाईल, आजीला, आजोबाला, कव्वालाला विचारेल, आणि वर्गात येऊन म्हणून दाखवेल. जे म्हणेल ते त्याच्या घरचं, म्हणून बरोबर.

हिकमत म्हणाला, ‘कोरं पान? छापखाना म्हणेल, छापायचं राहिलं.’

‘म्हणू दे.’

‘आणि गुण कशाचे द्यायचे?’

‘विचारलं त्याचे.’

तो बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत बसला. खुदेदाकडे बघत होता, खुदेदा नाही म्हणेल या आशेने. खुदेदा म्हणाला, ‘माझी नातवंडं स्वीडनला असतात. फोनवर ‘कसे आहात आजोबा’ आणि ‘बाय आजोबा’. या पानाच्या निमित्ताने इथली पोरं तोंड उघडून काही विचारतील तर माझी हरकत नाही. माझा पाठ काढा.’

कोटातल्या माणसाने असं म्हटल्यावर हिकमत काय करणार? सही केली.

तर तुझं वाक्य आता अभ्यासक्रमात आहे, बरकात. तुझं नाव घातलेलं नाही. घातलं असतं तर तू ते पानही अडवलं असतंस.

सबरिया

*

बहजानी, लाल बुधवार, १७ एप्रिल २०१९

बरकात,

नवं वर्ष. दाराच्या चौकटीवर लाल फुलं चिकटवली, अंड्यांची टरफलं लावली. उम्म खैरीने माझ्या अंड्यावर तिचं अंडं आपटलं आणि माझं फुटलं. ती म्हणाली, ‘सरमदचे गुण वसूल.’ आता आमचं बरं आहे.

सरमदचा पेपर मी दुरुस्त केला. रेघ पुसता येत नाही, म्हणून शेजारी बरोबरची खूण केली आणि सही केली. बाबांच्या नावासकट पूर्ण सही.

छापखान्याची गंमत सांगते. नमुना प्रत आली तर कोऱ्या पानावर भला मोठा गुलाब. दुहोकला गेले. छापखान्याचा मालक म्हणाला, ‘बाई, पान अगदी रिकामं दिसत होतं, मी माझ्या पदरचं फूल घातलं. पैसे नको.’ समजावलं, काढलं. दुसरी प्रत आली, गुलाब नाही, पण बारीक रेघा मारलेल्या, वहीसारख्या. ‘लिहायला सोय.’ म्हटलं, लिहायचं नाहीये. ‘मग पान कशाला?’ शेवटी मी त्याच्याच यंत्रापाशी स्टूल टाकून बसले. रिकामं ते रिकामंच छापून घेतलं. रिकामी जागा माणसाला बघवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आपली बैठकीची खोली मी अजून रिकामीच ठेवली आहे. गालिचा टाकला आहे, पण बसत कुणी नाही.

शेवटाचं मी पुन्हा विचारणार नाही. मागणं किती वेळा करावं यालाही काही मान आहे.

सबरिया

*

शारिया, बुधवार, ३० ऑक्टोबर २०१९

बरकात,

आज घरून लिहीत नाहीये. छावणीच्या शाळेतून लिहिते. सुट्टीचा दिवस असून आले, कारण काल जे झालं त्यावर झोप लागली नाही.

नवं पुस्तक महिनाभर वर्गांत आहे. आपल्या गावात कोरं पान छान चाललं. पोरं संध्याकाळी घरोघर फिरतात, म्हाताऱ्यांना छळतात. खुदेदाकडे तर रांग असते. तो कोट घालून बसतो. मी खूश होते. नाकाने कांदे सोलत शारियाला आले, म्हटलं इथेही बघू.

इथली पोरं सिंजारची. वर्ग भरला होता. एकेक उठून म्हणत होता. कुणाला आजीने सांगितलेलं, कुणाला मामाने. तुकडे तुकडे, पण चाललं होतं. मग बफरीन नावाची मुलगी. दहा वर्षांची असेल, वेणी घट्ट, डोळे खाली. मी म्हटलं, ‘तू विचारलंस का घरी?’

ती म्हणाली, ‘नाही सित.’

‘का नाही?’

‘कोणाला विचारू?’

उद्धटपणे नाही. खरंच विचारत होती, माझ्याकडे बघून. पुस्तकात लिहिलंय म्हणजे सितला ठाऊक असणार, कोणाला विचारायचं ते. नंतर शिक्षिकेने सांगितलं, चौदा सालच्या ऑगस्टमधल्या कत्तलीनंतर तिच्या घरचं कुणी उरलं नाही. एक आत्या आहे, तीही त्या वेळी लहानच होती. तिला पाठातलं काही येत नाही.

वर्गात पाच-सहा जणांची पानं तशीच होती. ती पोरं हात वर न करता बसली होती, म्हणून मला दिसली नव्हती.

बरकात, मी आणि हिकमत आणि खुदेदा, आम्ही शहाणी माणसं टेबलाभोवती बसलो. चार घरांचे चार पाठ मोजले. ज्यांना घरच नाही त्यांचा विचार एकालाही सुचला नाही. तू वर्षभर मला वाळीत टाकलंस, तेव्हाही मी एवढी खजील झाले नव्हते.

आता जे केलं ते सांगते. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, मुलीवर नको. मी बफरीनच्या पुस्तकात, त्या ओळीच्या खाली, पेन्सिलने तुझा नंबर लिहिला. म्हटलं, ‘हा माझा भाऊ आहे. कव्वाल आहे. माझ्याशी बोलत नाही, तुझ्याशी बोलेल की नाही ठाऊक नाही. विचारून बघ.’

ती म्हणाली, ‘तुमच्याशी का बोलत नाहीत?’

‘पुस्तकामुळे.’

‘याच?’

‘याच.’

तिने पुस्तक मिटलं आणि छातीशी धरलं.

खुदेदाचाही नंबर देता आला असता. तो लगेच म्हणाला असता. का दिला नाही ते मी स्वतःलाही धड सांगितलेलं नाही.

सबरिया

*

बहजानी, बुधवार, २७ नोव्हेंबर २०१९

बरकात,

आमशेने सगळं सांगितलं, आणि यापुढेही सांगणार आहे, तू कितीही डोळे वटारलेस तरी.

तू रात्रपाळीहून येऊन झोपला होतास. इराकचा नंबर बघून घाबरलास, म्हणून उचललास. पलीकडून बारीक आवाज: ‘तुम्ही कव्वाल बरकात का?’

‘नंबर कुणी दिला?’

‘पुस्तकाने.’

‘कुठल्या पुस्तकाने?’

‘चौथीच्या. त्यात लिहिलंय, घरी विचारा. माझ्या घरी कोणी नाही.’

आमशे म्हणते, तू खाटेवर उठून बसलास. मग म्हणालास, ‘फोन ठेव. तुझे पैसे जातील. मी करतो.’ आणि केलास. डफ पिशवीतून काढलास. माझी पत्रं खाटेवर पसरली, ती आमशेने उचलली. तू म्हणालास, ‘वही आहे का जवळ?’ पोर म्हणाली, आहे. ‘बंद कर. ऐक.’ आणि त्यानंतर सुट्टीच्या दर दिवशी, पंधरा-वीस मिनिटं, महिनाभर.

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. आमशे पहिल्यांदा माझ्यापासून लपवायला शिकली.

परवा शारियाला गेले. पाठ म्हणायचा तास होता. उस्ताद हिकमतही आले होते, कोऱ्या पानाचं काय झालं ते बघायला. त्यांनी बफरीनचं पुस्तक उघडलं. पान कोरंच, नंबरसुद्धा खोडरबराने पुसलेला. ते म्हणाले, ‘या मुलीने काहीच केलेलं नाही.’

बफरीन उभी राहिली. ‘त्यांनी सांगितलंय, लिहायचं नाही.’

‘कोणी?’

‘माझ्या घरच्यांनी.’

मग तिने म्हटलं. दिवा लागला. पाणी भरलं. पाहुणा दारात आला, आणि तिथे तिने श्वास घेतला. बाबा घ्यायचे तसा, ओळीच्या मधोमध, जिथे कुणीच घेणार नाही. तू लहानपणी ते केलंस की बाबा म्हणायचे, ‘माझी खोड उचलू नकोस.’ उचललीस, आणि आता शारियाच्या छावणीत दिलीस. ती सिंजारची पोरगी बाबांच्या फुप्फुसाने म्हणत होती. भाकर झाली. मी सवयीने खुर्चीतून अर्धी उठलेच, खरं सांगते, हाक येईल म्हणून.

हाक आली नाही. ती पुढे म्हणत गेली.

मी शेवट ऐकला, बरकात. सगळा. मुलीने ऐकू नये असं त्यात काही नाही. आता मला वाटतं बाबांना चहाच हवा असायचा. तिथवर म्हणून घसा सुकत असेल. की रडताना मी बघू नये, असं वाटत असेल. कारण आता मला कळलं, तू डोळे का पुशीत बसायचास.

हिकमतनी मला विचारलं, ‘हे बरोबर म्हणाली का?’ मी होकाराची मान हलवली. त्यांनी पूर्ण गुण लिहिले आणि पान कोरंच ठेवून पुस्तक मिटलं. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘सित सबरिया, ज्या पोरांना घरी कोणी नाही त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी काय करायचं?’ त्यांच्या तोंडून ज्याला उत्तर नाही असा प्रश्न मी प्रथमच ऐकला. म्हटलं, त्यांना घरं शोधून द्यायची. खुदेदाने तीन पोरं घेतली आहेत. शारियात अजून बरीच आहेत. तुझ्या सुट्टीचे दिवस किती असतात ते आमशेला विचारून ठेवलं आहे.

शेवट मी इथे लिहीत नाही. तू तिला लिहू दिला नाहीस, मीही लिहिणार नाही. पुस्तक छापून तुझा एक शब्द मी आधीच मोडला आहे, हा दुसरा राहू दे.

माझा नंबर अडवलेलाच ठेवायचा असेल तर ठेव. पण आमशे म्हणते, एप्रिलमध्ये तुला रजा मिळते, आणि तू तिकिटाबद्दल विचारलंस. बैठकीच्या खोलीत गालिचा टाकलेला आहे. बाबांच्या जागी तू बैस. मी दाराआड बसणार नाही, सांगून ठेवते. समोर बसेन.

आपल्या घरच्या पाठात पाहुणा आधी आणि भाकर मागून, हे मला ठाऊक आहे. तरी त्या दिवशी मी खुदेदाच्या घरच्या पाठाने वागणार. भाकर आधी करून ठेवीन, आणि चहासुद्धा. मला मध्येच उठवायचं नाही.

सबरिया